न्यूरोसिस्टिसर्कोसिस
डुकरातील पट्टकृमीच्या (टीनिया सोलियम) अळ्यांचे कोष मेंदूत तयार झाल्याने होणारा विकार. अर्धवट शिजलेले डुकराचे मांस खाल्ल्यास आतड्यात पट्टकृमी वाढतो. मेंदूत कोष होतात ते मात्र अशा रुग्णाच्या विष्ठेतील अंडी कच्ची भाजी, पाणी किंवा अस्वच्छ हात यांवाटे पोटात गेल्यास. त्यामुळे जन्मभर मांसाला न शिवलेल्यांनाही तो होतो. शाकाहारी घरांत हे सहजी पटत नाही.

झटके (फिट) हे प्रमुख लक्षण. निदान सीटी व एमआरआयवर होते. कोषात अळीच्या डोक्याचा ठिपका दिसला की शंका उरत नाही. भारतात खरा घोळ क्षयाच्या गाठीशी होतो, कारण दोन्ही कड्यासारखी दिसतात. वेल्लोरच्या राजशेखर व चंडी यांच्या निकषांनुसार गाठ 20 मिमीपेक्षा लहान असणे आणि मेंदूची मध्यरेषा सरकलेली नसणे कोषाकडे बोट दाखवते. कोष एकच असल्यास रक्ततपासणी अनेकदा फसवी ठरते.

उपचारात घाई घातक. अळी मरताना मेंदूला सूज येते, म्हणून अल्बेंडाझोल या कृमिनाशकाआधी स्टेरॉइड सुरू करतात आणि डोळ्यांत कोष नाही ना, हेही तपासतात. दोनांहून अधिक जिवंत कोषांसाठी प्राझिक्वांटेलची जोड देतात. मेंदू आधीच खूप सुजला असेल, तर कृमिनाशक देत नाहीत. कॅल्शियम साचलेल्या मृत कोषांवर त्याचा उपयोग नाही. तिथे केवळ फिटचे औषध चालू ठेवतात. मेंदूच्या पोकळ्यांतील कोष शक्यतो दुर्बिणीने काढतात. तिथे पाणी तुंबल्यास शंट (ते वाहून नेणारी नळी) बसवावा लागतो.