विमानाच्या काचेतून डोळ्यात

प्लास्टिकचं विमान जोडताना पंख जरा वाकडा बसला, तर फिलर भरून, पॉलिश पेपर घासून सावरून घेता येतं. कॅनॉपीला, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाला, ती सोय नाही. मागच्या महिन्यात मी हॉकर हरिकेनचं १:७२ मॉडेल करत होतो. कॅनॉपी आधी गोंदाशिवाय ठेवून पाहिली. तिची चौकट विमानाच्या मध्यरेषेवर आहे ना, दोन्ही बाजूंना फट सारखी आहे ना, सगळं तपासलं. आणि मग घाईघाईत सुपरग्लू लावला. सकाळी बघतो तर काच पांढुरकी. सुपरग्लू वाळताना त्याची वाफ जवळच्या प्लास्टिकवर थर धरते.

आजीने पाहिलं आणि म्हणाली, "अरे, याला तर मोतीबिंदू झालाय!"

तिला कल्पना नव्हती, पण हरिकेनच्या कॅनॉपीचं आणि मोतीबिंदूचं नातं खरंच आहे.

हरिकेनची कॅनॉपी पर्स्पेक्सची असे. हे एक अॅक्रिलिक प्लास्टिक, काचेपेक्षा हलकं आणि हव्या त्या आकारात वळवता येणारं. १५ ऑगस्ट १९४० रोजी इंग्लंडच्या आकाशात गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाच्या हरिकेनवर गोळ्या लागल्या, कॅनॉपी फुटली आणि तिच्या ठिकऱ्या त्याच्या डोळ्यांत घुसल्या. त्याने गॉगल घातला नव्हता. एक डोळा कायमचा गेला.

अशा जखमी वैमानिकांना तपासणारे नेत्रतज्ज्ञ हॅरोल्ड रिडली यांच्या लक्षात आलं की, पर्स्पेक्सचे कण डोळ्यात राहिले तरी डोळा त्यांना फारसा विरोध करत नाही. त्या काळी मोतीबिंदू झालेलं भिंग काढून टाकत आणि रुग्णाला जाडजूड चष्मा देत. रिडलींनी त्याच प्लास्टिकचं भिंग करवून घेतलं आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये एका बाईंच्या डोळ्यात बसवलं. भिंगाचा हिशेब चुकला होता. बाईंना उणे १८च्या आसपास नंबर आला. पुढच्या काही रुग्णांची भिंगं जागेवरून सरकली. म्हणजे साहित्य बरोबर निवडलं होतं, अडलं होतं ते माप आणि बसवणं यांत. त्यातच बड्या नेत्रतज्ज्ञांचा विरोध. डोळ्यातली परकी वस्तू काढायची असते, घालायची नसते, हे त्यांचं म्हणणं. अमेरिकेत अशा भिंगांना औषध प्रशासनाची मान्यता मिळायला १९८१ उजाडलं. पुढे क्लीव्हरच्या उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू झाला, तेव्हा त्यातही कृत्रिम भिंगच बसवलं. १९९० मध्ये खुद्द रिडलींच्या डोळ्यातही.

भारतात ही भिंगं महाग, बाहेरून येणारी. १९९२ मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी जोडलेल्या ऑरोलॅबने ती इथेच स्वस्तात बनवायला सुरुवात केली आणि शिबिरातल्या गरीब रुग्णालाही भिंग परवडू लागलं.

आजीचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं. सकाळी नेलं, संध्याकाळी घरी. हा सगळा इतिहास तिला सांगितला, तर तिने आधी विचारलं, "त्या पोराचा दुसरा डोळा तरी वाचला ना?"

नवी कॅनॉपी मी पांढऱ्या गोंदाने चिकटवली. तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि वाफ सोडत नाही. रात्रभर टेपने धरून ठेवली. सरळ बसली आहे की नाही, हे मी आजीलाच बघायला सांगितलं.