अवर्षणाचे संख्याशास्त्रीय कल : लोधीखेडा व सौंसर–पांढुर्णा परिसर

एखाद्या प्रदेशातील पर्जन्य, तपमान, भूजल व नदीप्रवाह यांच्या अनेक दशकांच्या नोंदी कालक्रमाने मांडून, वर्षावर्षाच्या चढउतारांपलीकडे त्यांत काही टिकाऊ दिशा आहे की नाही, असल्यास तिचा वेग किती, आणि ती निव्वळ योगायोगाने दिसत असण्याचा संभव किती, हे गणिताच्या आधाराने ठरविणे म्हणजे कल-अभ्यास होय. एखाद्या वर्षी पाऊस बुडाला तर ते अवर्षण. पाऊस बुडण्याची वारंवारता, तीव्रता किंवा व्याप्तीच जर पिढ्यांच्या मापाने बदलत गेली तर तो हवामानातील बदल. आणि या दोहोंमधील सीमारेषा शेतकऱ्याच्या आठवणीवरून किंवा सरकारी फर्मानावरून आखता येत नसल्यामुळे ते काम संख्याशास्त्राकडे येते.

या पद्धतींची कसोटी पाहण्यास सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याचा सौंसर–पांढुर्णा हा पट्टा विशेष योग्य आहे. सौंसर तहसिलीतील लोधीखेडा हे गाव नागपूरहून छिंदवाड्यास जाणाऱ्या जुन्या मार्गावर वसलेले असून कापूस आणि तांब्यापितळेची भांडी यांसाठी पूर्वी त्याचा लौकिक होता. जुन्या महसुली दप्तरांत छिंदवाडा जिल्ह्याचे बालाघाट व झेरघाट, म्हणजे घाटावरचा व घाटाखालचा मुलूख, असे दोन भाग पाडलेले आढळतात. घाटावरचे पठार उंच व थंड, तर लोधीखेडा ज्यात मोडते तो झेरघाट सखल, उष्ण, काळ्या जमिनीचा, कापूस, ज्वारी व संत्र्याचा आणि मराठी बोलणारा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला व हा पट्टा मध्यप्रदेशात राहिला. २०२३ साली सौंसर व पांढुर्णा या तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. या इतिहासाचा कल-अभ्यासाशी निकट संबंध आहे. भारतीय हवामानखात्याने देशाचे जे ३६ उपविभाग कल्पिले आहेत त्यांत छिंदवाड्याचा जुना जिल्हा पूर्व मध्यप्रदेशात पडतो, आणि सरहद्दीपलीकडचे सावनेर, काटोल व नरखेड हे तालुके विदर्भात पडतात. परिणामी उपविभागाची सरासरी घेताना लोधीखेड्याचा पाऊस रीवा व सीधी यांच्या पावसात मिसळला जातो, आणि ज्या काटोलशी त्याची जमीन, पीक व उन्हाळा जुळतो त्या काटोलपासून तो तुटतो. प्रशासनाच्या सोयीसाठी केलेली ही वाटणी निसर्गाची वाटणी समजून तिच्यावरून गावाचे भवितव्य वर्तविणे सर्वथा चुकीचे होय.

कल-अभ्यासाचे मूळ द्रव्य म्हणजे पर्जन्यमापकाची नोंदवही. पाच इंच व्यासाचे नसराळे बसविलेला सायमन्स पर्जन्यमापक हे साधे उपकरण तहसिलीच्या आवारात उभे असे, व रोज सकाळी त्यातील पाणी मोजपात्रात ओतून आकडा वहीत चढविला जाई. पूर्वी हे माप इंच व सेंटांत होते, आता ते मिलिमीटरांत असून वाचनाची वेळ सकाळी साडेआठची आहे, आणि २.५ मिलिमीटर वा अधिक पाऊस पडेल त्याच दिवसास ‘पावसाचा दिवस’ मानतात. कागदावर हे सर्व निर्दोष दिसते. तथापि, मापक एका आवारातून दुसऱ्या आवारात हलविला, शेजारी वाढलेल्या वृक्षाची छाया त्यावर आली, किंवा सुट्टीच्या दिवसाचे पाणी दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात एकत्र लिहिले गेले, तर श्रेणीत जी पायरी पडते ती हवामानाची नसून दप्तराची असते. म्हणून कोणतेही गणित मांडण्यापूर्वी शेजारच्या ठिकाणांच्या संचित बेरजांशी ताडून श्रेणीच्या एकजिनसीपणाची रुजवात घालणे हे संशोधकाचे पहिले कर्तव्य ठरते.

या देशात या प्रश्नाचा शास्त्रीय विचार नवा नाही. १८७५ साली हवामानखाते स्थापन झाले, आणि १८९६–९७ व १८९९–१९०० या लागोपाठच्या दोन भीषण दुष्काळांनंतर हिंदुस्थानची हवाच कायमची कोरडी होत चालली आहे अशी समजूत बळावली. केंब्रिजचे गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर १९०४ पासून वेधशाळांचे महासंचालक होते. त्यांनी १९१० साली हवामानबदलाच्या या कथित पुराव्याची तपासणी प्रसिद्ध केली, आणि उपलब्ध आकड्यांवरून कायमचा बदल सिद्ध होत नाही असा निर्णय दिला. लोकमत भयग्रस्त असताना आकड्यांपाशी ठाम राहण्याचे हे धैर्य प्रशंसनीय आहे. पण त्या निर्णयाचा आशय ‘बदल सिद्ध झालेला नाही’ एवढाच होता, ‘हवामान बदलूच शकत नाही’ असा नव्हता, हेही लक्षात ठेवले पाहिजे. पुढे पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील वायुभाराच्या हेलकाव्याचा मान्सूनशी असलेला सहसंबंध त्यांनीच उजेडात आणला, आणि आज एल निनोच्या वर्षी जी चिंता वाहिली जाते तिचा पाया याच कार्यात आहे.

कल मोजण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे वर्षे व पाऊस यांच्या आलेखातून लघुतम वर्गांच्या तत्त्वाने सरळ रेषा काढणे. परंतु पावसाच्या श्रेणीत एखादे वर्ष अतिवृष्टीचे निघाले की ती रेषा त्याच्याकडे ओढली जाते. यामुळे हेन्री मान यांनी १९४५ साली मांडलेली व मॉरिस केंडॉल यांच्या क्रमसहसंबंधाशी जोडलेली कसोटी अधिक रूढ झाली. तिचे तत्त्व एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, लागोपाठ पाच वर्षांचा पाऊस ९००, १०१०, ८४०, ८७० व ७९० मिलिमीटर असा आहे. प्रत्येक वर्षाची त्यापुढील प्रत्येक वर्षाशी तुलना केली असता दहा जोड्या होतात. पैकी दोन जोड्यांत नंतरचे वर्ष अधिक पावसाचे व आठांत कमी पावसाचे निघते, म्हणजे फरक उणे सहा. कलकत्त्यात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ प्रणवकुमार सेन यांच्या १९६८ सालच्या पद्धतीने या दहाही जोड्यांचे प्रतिवर्षी उतार काढून त्यांची मध्यगा घेतली तर ती उणे २८.७५ येते, म्हणजे पाऊस दरसाल सुमारे २९ मिलिमीटरांनी घटत आहे असे दिसते. हा आकडा पाहून कोणाचाही ऊर धडधडावा. पण कसोटीचे प्रमाणित मूल्य केवळ उणे १.२२ भरते, आणि शंभरात पाचांहून कमी चुकीची शक्यता मान्य करावयाची तर ते १.९६ च्या पलीकडे जावयास हवे. सबब पाच वर्षांच्या या घसरगुंडीला कल म्हणण्यास गणित नकार देते. हीच कसोटी शंभर वर्षांच्या श्रेणीस लावली असता ४,९५० जोड्या पडताळल्या जातात, आणि अशा विस्तारातच अल्पसा पण सातत्याचा उतार विश्वासार्ह रीतीने प्रकट होऊ शकतो.

यातही दोन धोके आहेत. एक वर्ष कोरडे गेल्यावर पुढचे वर्षही कोरडे जाण्याची प्रवृत्ती श्रेणीत असेल, तर ती वर्षे परस्परांपासून स्वतंत्र राहत नाहीत, आणि कसोटी नसलेला कल दाखवू लागते. भूजलाच्या श्रेणीत हा स्वसहसंबंध फार बलवान असल्यामुळे तो आधी वजा करावा लागतो. दुसरा धोका आरंभवर्षाचा. अखिल भारतीय पर्जन्यात आर्द्र व शुष्क कालखंड दशकांच्या मापाने आलटून पालटून आलेले आहेत; विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीची दशके उदार होती, तर साठीनंतरची कृपण. जो अभ्यासक १९५० पासून मोजतो त्यास उतार दिसतो, आणि जो १८९९ च्या खड्ड्यातून मोजावयास निघतो त्यास चढ दिसतो. हवामानखात्याच्या दीर्घकालीन सरासरीचाच विचार केला तरी १९५१–२००० या कालावधीवरून मान्सूनचा सर्वसाधारण पाऊस ८९ सेंटिमीटर, १९६१–२०१० वरून ८८ व १९७१–२०२० वरून ८७ सेंटिमीटर असा धरण्यात आला. म्हणजे ज्या गजाने तूट मोजावयाची तो गजच आखूड होत गेला. दहा टक्क्यांची तूट असे वर्तमानपत्रात वाचताना ती कोणत्या सरासरीची, हा प्रश्न प्रत्येक सुज्ञ वाचकाने विचारावा.

अवर्षणाची तीव्रता ठरविण्यासाठी हवामानखाते उपविभागाच्या पावसात २६ ते ५० टक्के तूट पडल्यास मध्यम व त्याहून अधिक पडल्यास तीव्र अवर्षण मानते. मॅकी, डोस्केन व क्लाइस्ट यांनी १९९३ साली सुचविलेला प्रमाणित पर्जन्य निर्देशांक तीन, बारा किंवा चोवीस महिन्यांच्या बेरजा घेऊन त्यांची ठिकठिकाणच्या इतिहासाशी तुलना करतो. उणे एकच्या खाली अवर्षण व उणे दोनच्या खाली अतितीव्र अवर्षण समजतात. यात तपमानाला स्थान नसल्यामुळे, तापलेल्या हवेत त्याच पावसाची ओल लवकर उडून जाते ही गोष्ट त्यातून निसटते. ती उणीव बाष्पीभवनाचा हिशेब धरणाऱ्या २०१० च्या निर्देशांकाने बऱ्याच अंशी भरून काढली.

आता प्रत्यक्ष निष्कर्षांकडे वळू. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत बी. पार्थसारथी व सहकाऱ्यांनी ३०६ ठिकाणांवरून १८७१ पासूनची श्रेणी सिद्ध केली, आणि तिच्या आधारे पुष्कळ संशोधन झाले. बी. एन. गोस्वामी व सहकाऱ्यांनी २००६ साली दाखविले की १९५१ ते २००० या अर्धशतकात मध्य भारतातील मान्सूनच्या एकूण पावसात सार्थ असा कल नाही. परंतु अतिवृष्टीच्या घटना वाढल्या आहेत व मध्यम पावसाच्या घटल्या आहेत, आणि ही वाढ-घट एकमेकींस झाकून टाकते. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० सालच्या मूल्यांकनानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तपमान सुमारे ०.७ अंश सेल्सियसने वाढले, १९५१ ते २०१५ या काळात मान्सूनचा पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी उतरला, आणि मध्य भारतासह काही प्रदेशांत १९५१ ते २०१६ या काळात दर दशकात सरासरी दोहोंहून अधिक अवर्षणे पडली. म्हणजे एकाच मुलखात अतिवृष्टी व अवर्षण ही दोन्ही वाढू शकतात, आणि केवळ वार्षिक बेरीज पाहणारा अभ्यासक दोहोंनाही मुकतो.

झेरघाटातील संत्राबागांच्या दृष्टीने हा मुद्दा जीवनमरणाचा आहे. संत्र्याचा मृग बहार धरावयाचा तर एप्रिल–मे महिन्यांत झाडांचे पाणी तोडून त्यांना ताण द्यावा लागतो, आणि मृगाच्या सरींनी तो ताण मोडून फुले येतात. आंबिया बहारासाठी तोच ताण डिसेंबर–जानेवारीत देऊन नंतर विहिरीचे पाणी देतात. मृगाचा पाऊस तीन आठवडे लांबला, किंवा फुलोऱ्यानंतर दीर्घ खंड पडून फळांची गळ झाली, किंवा पौषात अवकाळी पाऊस येऊन ताण अवेळी मोडला, तर बहार बुडतो. आणि वर्षाखेरच्या बेरजेत मात्र तहसिलीचा पाऊस सरासरीइतका भरतो. कापसाचेही तसेच : पेरणीनंतर उघडीप पडली की दुबार पेरणी कपाळी येते. शिवाय इथली भूमी काही ठिकाणी काळ्या फत्तराची, काही ठिकाणी मँगनीजसाठी विख्यात झालेल्या सौंसर शैलसमूहाच्या कठीण खडकाची. दोहोंतही पाणी मुरण्याची व साठण्याची शक्ती अल्प, त्यामुळे चार तासांत कोसळलेला पाऊस जाम व कन्हान या नद्यांवाटे वाहून जातो, आणि झडीचा संथ पाऊस विहिरीत उतरतो. सबब या पट्ट्यासाठी कलाची परीक्षा वार्षिक बेरजेवर न करता मान्सूनच्या आगमनतिथीवर, जून ते ऑगस्टमधील सर्वांत लांब खंडाच्या दिवससंख्येवर, पावसाच्या दिवसांच्या संख्येवर आणि विहिरींच्या उन्हाळी पातळीवर केली पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

कल आढळला म्हणजे कारण आढळले असे नव्हे. हरितगृहवायूंनी वाढलेली उष्णता, हिंदी महासागराचे तापणे, हवेतील धूलिकण व धूर, जंगलतोड आणि निसर्गाचे स्वतःचे दशकव्यापी हेलकावे यांचा वाटा वेगळा काढण्यासाठी हवामानाच्या गणिती प्रतिमानांचा आधार घ्यावा लागतो. विहिरी आटण्याच्या बाबतीत तर वाढता उपसा हे कारण पावसाच्या आधी तपासावे लागते.

या अभ्यासाला पूरक असे दुसरे साधन महसुली दप्तरांत आहे. पटवाऱ्यांची गिरदावरी, पिकांची आणेवारी, तगाईचे व महसूल-तहकुबीचे हुकूम यांतून अवर्षणाचा लोकांच्या पोटावर झालेला परिणाम कळतो, जो पर्जन्यमापक सांगू शकत नाही. आणेवारी नजरअंदाजाने ठरत असल्यामुळे केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ-व्यवस्थापन पुस्तिकेने पर्जन्य, पीकस्थिती, मातीतील ओल व जलसाठे यांच्या निर्देशांकांना प्राधान्य दिले, हे योग्यच झाले. परंतु नव्या निर्देशांकांस जुना भूतकाळ नाही, आणि तो पुरविण्याचे सामर्थ्य त्या पिवळ्या पडलेल्या वह्यांतच आहे. जिल्ह्याचे विभाजन झाले की दप्तरे दोन ठिकाणी वाटली जातात व श्रेणी तुटण्याचा संभव उत्पन्न होतो. म्हणून सौंसर व पांढुर्णा तहसिलींच्या दैनिक पर्जन्यनोंदी, मापकाच्या स्थलांतराच्या तारखांसह, आरंभापासून अंकबद्ध करून त्या नागपूर जिल्ह्याच्या नोंदींशी जोडाव्यात, आणि हे काम पांढुर्णा जिल्ह्याच्या नव्या दप्तरखान्याने आधी हाती घ्यावे.