पुढील प्रोपेलर शाफ्टचे मोजमाप

फोर-व्हील ड्राइव्ह ट्रकमध्ये ट्रान्सफर केसकडून पुढील अ‍ॅक्सलच्या डिफरन्शियलकडे शक्ती नेणाऱ्या फिरत्या दंडास पुढील प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. नवा शाफ्ट बनवून घेताना केवळ जुन्याच्या लांबीवर विसंबणे धोक्याचे असते, विशेषतः स्प्रिंगा बदलून वाहन उंच केले असल्यास.

मोजमाप सपाट जमिनीवर, ट्रकचा पूर्ण भार चाकांवर असताना घेतात. चासीखाली जॅक लावल्यास अ‍ॅक्सल खाली लोंबतो व अंतर बदलते. टोकांना फ्लॅन्ज असल्यास त्यांच्या पृष्ठभागांमधील, योक असल्यास दोन्ही क्रॉसच्या केंद्रांमधील अंतर धरतात. सरकत्या स्प्लाइन जोडाला दोन्ही दिशांनी वाव लागतो. शाफ्ट लांब झाल्यास अ‍ॅक्सल वर उचलला जाताच जोड पूर्ण दबून ट्रान्सफर केसच्या बेअरिंगवर आघात होतो. आखूड झाल्यास अ‍ॅक्सल खाली जाताना तो निसटू शकतो.

क्रॉसचे माप व्हर्निअर कॅलिपरने घेतात. त्याच्या टोकांवरील बेअरिंग-कपांचा व्यास तेवढा पाहून भागत नाही: स्पायसर १३१० व १३३० या मालिकांत तो सारखाच, सुमारे २७ मिमी असतो, मात्र समोरासमोरील कपांच्या बाह्य कडांमधील रुंदी अनुक्रमे सुमारे ८२ व ९२ मिमी भरते. दोन भुजांची रुंदी भिन्न असलेले क्रॉसही मिळत असल्याने दोन्ही भुजा मोजतात.