भोर-वेल्ह्याचीं खोरीं

पुणें जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांतील वेल्हें तालुक्यास राजगड हें नांव देण्यास २०२४ सालीं राज्याच्या मंत्रिमंडळानें संमति दिली, आणि पुढील वर्षीं तें नांव सरकारी कागदांत दाखल झालें. त्याच २०२५ च्या जुलै महिन्यांत राजगड किल्ल्याची गणना जागतिक वारशांत झाली. मराठ्यांच्या ज्या बारा दुर्गांस युनेस्कोनें हा मान दिला त्यांत तो एक आहे. ज्या डोंगरावर शिवाजी महाराजांनीं आपली पहिली राजधानी उभारिली त्याचें नांव पायथ्याच्या मुलुखास मिळावें यांत वावगें कांहींच नाहीं. हें नामांतर कित्येकांस अगदीं नवें वाटलें, परंतु तेंही खरें नव्हे. जुन्या भोर संस्थानचे पांच तालुके होते, व ते प्रचंडगड, राजगड, विचित्रगड, सुधागड आणि पवनमावळ या नांवांनीं ओळखले जात. पांचांपैकीं चार गडांच्या नांवाचे! खोऱ्याचें नांव लाभलें तें एकट्या पवनमावळास. तेव्हां गडाच्या नांवानें मुलूख ओळखण्याची ही वहिवाट जुनीच आहे. आणि ती ध्यानांत आल्यापासून आम्हांस एक प्रश्न पडला आहे. गडांचीं नांवें वरचेवर उजळत असतां त्या गडांखालच्या खोऱ्यांचें काय झालें?

या भागाची ठेवण प्रथम सांगितली पाहिजे. सह्याद्रीच्या मुख्य कण्यापासून पूर्वेकडे डोंगरांच्या सोंडा निघाल्या आहेत. दोन सोंडांच्या बेचक्यांत एक नदी, आणि नदीगणिक एक मावळ, अशी ही रचना. नीरेच्या वरच्या अंगास हिरडस मावळ, भोरच्या आसपास रोहिड खोरें, गुंजवणीच्या काठीं गुंजण मावळ, तोरण्याखालीं कानदी नदीचें कानद खोरें, आणि त्याच्या उत्तरेस मोसे खोरें. प्रत्येकाचें देशमुखीचें घराणें वेगळें: हिरडस मावळांत बांदल, रोहिड खोऱ्यांत जेधे, गुंजण मावळांत शिळीमकर, कानद खोऱ्यांत मरळ, मोसे खोऱ्यांत पासलकर. पश्चिमेकडे कडा एकदम तुटतो, आणि मढेघाट, वरंधघाट अशा वाटांनीं माणूस कोंकणांत उतरतो. पाऊस दांडगा. नदीलगतच्या खांचरांत भात आणि उतारावर नाचणी व वरई, एवढेंच काय तें पीक. उन्हाळ्यांत राब भाजावयाचा, पावसाच्या तोंडावर रोपें टाकावयाचीं, आणि लावणीच्या दिवसांत आज तुझ्या खांचरांत तर उद्यां माझ्या, असें सावडीनें राबावयाचें. येथें एक गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. या मुलुखांतील खरी कसदार जमीन म्हणजे नदीच्या अगदीं तळाशीं असलेला अरुंद पट्टा. तो गेला कीं उरतो तो निव्वळ मुरूम.

अशा तुटपुंज्या शेतीवर वाढलेलीं माणसें पूर्वीपासून घराबाहेर चाकरी शोधीत आलीं आहेत. तोरण्यावर सांपडलेल्या धनांतून मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड बांधला गेला, ही हकीकत शाळेंतल्या मुलासही ठाऊक असते. पुढें सुमारें पंचवीस वर्षें तेथें राजधानी नांदली. १६५९ त सईबाईंनीं तेथेंच देह ठेविला. त्यांची समाधि गडाखालच्या पाल गांवीं आहे. १६७० च्या फेब्रुवारींत राजाराम महाराज तेथें जन्मले. पुरंदरच्या तहांत तेवीस किल्ले सोडावे लागले, तरी राखून ठेविलेल्या बारांत राजगड व तोरणा हे दोन्ही होते. या साऱ्या काळांत गडावर चढणारें धान्य, वैरण आणि लांकूडफांटा डोक्यावरून नेणारीं माणसें याच खोऱ्यांतलीं असणार हें उघड आहे; पण त्यांचा उल्लेख बखरकारांनीं क्वचितच केला. लढणारांचा केला, तो घराण्याच्या नांवानें. १६६० च्या जुलैंत घोडखिंडींत बाजी प्रभूंबरोबर जे पडले ते हिरडस मावळांतील बांदलांचे लोक होते. त्या पराक्रमानंतर मानाचें पहिलें पान जेध्यांकडून बांदलांकडे गेलें, आणि जेध्यांनीं तें मान्य केलें. ज्या दोन घराण्यांत पूर्वीं वैर होतें त्यांच्यामधील हा व्यवहार आम्हांस एखाद्या किल्ल्याच्या फत्तेइतकाच मोलाचा वाटतो.

जेध्यांचें नांव निघालें म्हणून त्यांच्या कागदांविषयींही थोडें लिहूं. भोरजवळ कारी नांवाचें खेडें आहे. तेथील जेधे देशमुखांच्या घरीं जपून ठेविलेली एक शकावली लोकमान्य टिळकांच्या हातीं आली, आणि १९१६ सालीं त्यांनीं ती प्रसिद्ध केली. तींत शिवजन्माची मिति फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, अशी आहे. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. तोंवर बखरींच्या आधारें १६२७ हें साल सर्वत्र चालत होतें. यावर केवढा वाद माजला हें मराठी वाचकांस सांगावयास नको. तो अनेक दशकें चालला, आणि १९ फेब्रुवारी ही तारीख शासनानें स्वीकारली ती एकविसाव्या शतकाच्या आरंभीं. महाराष्ट्राच्या सर्वांत मोठ्या पुरुषाची जन्मतिथि आपणांस मिळाली ती गडाच्या चिऱ्यांवरून मिळाली नाहीं. खोऱ्यांतील एका घराच्या दप्तरांतून मिळाली. इतिहासाच्या अभ्यासकानें तरी हें विसरूं नये.

भोर संस्थानाविषयीं थोडक्यांतच लिहितों, कारण संस्थानिकांच्या वंशावळी इतरत्र पुष्कळ आहेत. राजाराम महाराजांचे सचिव शंकराजी नारायण हे त्याचे मूळ पुरुष. शाहू महाराज सुटून आले तेव्हां ताराबाईंशीं घेतलेली शपथ आणि धन्याचा हक्क यांच्या पेचांत सांपडून त्यांनीं १७०७ त आंबवडें येथें स्वतःच जीवन संपविलें, अशी परंपरा आहे. शाहूंनीं सचिवपद त्यांच्या अल्पवयी पुत्रास, नारो शंकर यांस, दिलें, आणि पंत सचिवांचा अंमल १९४८ च्या मार्चमध्यें संस्थान विलीन होईपर्यंत चालला. नीरेकाठचें भोर हें त्यांच्या राजधानीचें गांव. १८६९ त बांधलेला राजवाडा आजही उभा आहे. चित्रपटवाल्यांच्या कृपेनें तो अनेकांनीं नकळत पाहिलाही असेल. १९०१ च्या खानेसुमारींत सगळ्या संस्थानाची वस्ती १,३७,२६८ होती, आणि राजधानीची अवघी चार हजारांच्या सुमारास!

खोऱ्यांचें खरें स्थित्यंतर मात्र राजवाड्यामुळें झालें नाहीं. तें धरणांमुळें झालें. १८७६-७७ च्या दुष्काळानें दख्खनचा पूर्व भाग होरपळला, आणि नीरेच्या पाण्यानें त्या भागास जगवावें असें इंग्रज सरकारच्या मनानें घेतलें. भोरजवळ भाटघर येथें येळवंडी नदीवर १८८० नंतरच्या दशकांत पहिलें धरण झालें. तें अपुरें पडलें म्हणून त्याच्याजवळच दुसरें, सुमारें एक मैल लांबीचें चिरेबंदी धरण बांधून १९२८ त पुरें केलें. या पाण्यावर बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या कोरड्या तालुक्यांत ऊस उभा राहिला, आणि उसामागून साखरेचे कारखाने आले. हें काम थोर होतें, यांत शंका नाहीं. परंतु येळवंडीच्या तळाचा पट्टा, ज्याचा उल्लेख आम्हीं वर केला, तो पाण्याखालीं गेला. कांबरें येथील कांबरेश्वराचें देऊळ वर्षाचे बहुतेक महिने बुडालेलें असतें. मे महिन्यांत जलाशय आटला म्हणजे तें वर निघतें, आणि लोक त्या थोड्या दिवसांत दर्शन उरकून घेतात.

भाटघरमागून इतर धरणें आलीं. पानशेतचें धरण अपुरें असतांनाच १२ जुलै १९६१ रोजीं फुटलें आणि पुणें शहराची वाताहत झाली. तें पुन्हां बांधलें गेलें. मोसे नदीवर वरसगांवचें, नीरेवर देवघरचें, कानदीवर धानेपजवळ गुंजवणीचें. म्हणजे आरंभीं जीं खोरीं सांगितलीं त्यांपैकीं बहुतेकांचे तळ आज पाण्यानें भरले आहेत. आणि पाहा, या जलाशयांचीं नांवें काय आहेत! भाटघरच्या पहिल्या तलावास व्हायटिंग या इंजिनियराचें व दुसऱ्या धरणास लॉईड या गव्हर्नराचें नांव दिलें होतें. आतां त्या जलाशयास येसाजी कंकांचें आहे. पानशेतचा तानाजीसागर झाला. वरसगांवच्या धरणास वीर बाजी पासलकर हें नांव दिलें. म्हणजे मोसे खोऱ्याच्या देशमुखाचें नांव त्याचें मोसे खोरें ज्यानें बुडविलें त्याच भिंतीस लागलें. देणारांचा हेतु गौरवाचाच होता, तरी वाचतांना मन थबकतें खरें.

असा प्रसंग इतर देशांतील डोंगरी वस्त्यांवरही आला आहे. पानशेत फुटलें त्याच १९६१ सालीं जपानांत गिफू प्रांतीं शो नदीवर मिबोरो नांवाचें मोठें धरण पुरें झालें. त्याखालीं जीं गांवें जावयाचीं होतीं त्यांतील देवळांच्या आवारांत चेरीचे दोन वृक्ष होते, वय चारशें वर्षांवर. ते मुळांसकट उपटून वर, काठावर नेऊन लाविले. ते जगले, आणि गांव सोडून गेलेले लोक त्यांच्या फुलोऱ्याच्या दिवसांत तेथें जमूं लागले. त्याच नदीच्या खोऱ्यांत शिराकावा नांवाचें गांव आहे, वस्ती दीड हजारांच्या आसपास. त्याचा समावेश १९९५ त जागतिक वारशांत झाला तो किल्ल्यासाठीं नव्हे. तेथील शेतकऱ्यांचीं उंच गवती छपरांचीं घरें हाच तो वारसा. तीं छपरें शाकारण्यास सारा गांव लोटतो. या पद्धतीस ते 'युइ' म्हणतात, आणि आमच्या सावडीहून ती निराळी नाहीं. जपानी लोकांनीं सारें साधलें असें आम्ही म्हणत नाहीं. ओसरणाऱ्या डोंगरी वस्त्यांसाठीं त्यांनीं १९७० त कायदा केला, तरी त्या ओसरतच आहेत. पण काय जपावें याचा त्यांनीं केलेला विचार आम्हांस उपयोगी पडण्याजोगा आहे.

कारण ओसरणें आमच्याकडेही चालूच आहे. २००१ त वेल्हें तालुक्याची वस्ती ५५,८७४ होती, ती २०११ त ५४,५१६ झाली. त्याच दहा वर्षांत पुणें जिल्ह्याची वस्ती शेंकडा तीस वाढून ९४ लक्षांवर गेली. या तालुक्यांत एकही शहर नाहीं. मुख्य ठाणें वेल्हें हेंच एक खेडें. तरुण माणूस प्रथम मुंबईच्या गिरण्यांत जाई, आतां पुण्याच्या कारखान्यांत जातो. घरीं राहतात म्हातारींकोतारीं. शनिवार-रविवारीं मात्र शहरांतील मंडळी मोटारींतून येते, गड चढते व उतरते. त्यांतील किती जणांस आपण गुंजण मावळांतून चाललों आहों हें ठाऊक असतें?

नांवांविषयीं एक गोष्ट मात्र दिलासा देणारी आहे. महाराजांनीं तोरण्याचें नांव प्रचंडगड ठेविलें. औरंगजेबानें १७०४ त तो घेतला तेव्हां त्याचें फुतूहुल्गैब केलें, व राजगडाचें नबीशहागड. भोरच्या दप्तरांत पुन्हां प्रचंडगड आलें. लोक या सर्व काळांत तोरणाच म्हणत राहिले, विचित्रगडास रोहिडा म्हणत राहिले. तेव्हां वेल्ह्याचा बाजार आणि वेल्ह्याची एस. टी. हे शब्द इतक्यांत मरतील असें आम्हांस वाटत नाहीं.

मरण्याची भीति आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. कारीच्या शकावलीसारखे आणखी कागद या खोऱ्यांतील घरांत असूं शकतील: वतनाचे महजर, शिवेचे निवाडे, पाण्याखालीं गेलेल्या खांचरांचे जुने उतारे. मोडी वाचणारे थोडे उरले, आणि घरांस कुलपें लागत चाललीं. गडावर आतां पाट्या लागतील, चौथरे दुरुस्त होतील, पैसाही येईल. त्यांतील थोडा भाग पायथ्याच्या गांवांतून घरोघर फिरून हे कागद पाहण्याकडे, आणि कोणत्या शेताचें, ओढ्याचें, बुडालेल्या वाडीचें नांव काय होतें तें म्हाताऱ्यांकडून लिहून घेण्याकडे लागावा. दोनचार मोडी जाणणारे विद्यार्थी व एक उन्हाळा, एवढ्यांत कानद खोऱ्याचें काम सुरू करतां येईल.