कारभाराची खुर्ची आणि खेड्यातील स्त्री

माझी आत्या ग्रामपंचायतीची सभासद होती, हे मला शाळकरी वयात कळले ते एका वहीमुळे. पंचायतीचा शिपाई अधूनमधून ठरावांची वही घेऊन दारात यायचा. आत्या चुलीपुढून उठायची, पदराला हात पुसायची आणि शिपाई बोट दाखवील तेथे सही करायची. एकदा मी विचारले, "आत्या, काय लिहिलंय गं यात?" "ह्यांना विचार," ती म्हणाली आणि भाकरी उलटायला गेली.

श्रोतेहो, ही गोष्ट तशी अलीकडची, 1990 नंतरची. पंचायतीत बाईला जागा देण्याचा विचार मात्र पुष्कळ जुना आहे. बळवंतराय मेहता समितीचा अहवाल 1957 सालचा. स्त्रिया व मुले यांच्या कामाची आवड असलेल्या दोन स्त्रिया समितीवर स्वीकृत करून घ्याव्यात, असे त्यात सुचविले होते. 1958 च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमानेही स्त्रियांसाठी दोन जागा राखल्या. हेतू चांगला होता. पण बाई सभासद म्हणजे बालवाडी आणि शिवणवर्ग, एवढाच अर्थ बहुतेक गावांनी घेतला. पाणीपट्टी, रस्ता, गावठाण हे विषय आले की चावडीवर पुरुषांचाच आवाज. आणि एवढ्या पुरुषांत दोघीच बायका! एक बोलायला उठली तर दुसरी पदर सावरीत खाली पाहणार. यात त्यांचा दोष मला तरी दिसत नाही. सासरे, दीर जेथे बसले आहेत तेथे तोंड उघडायचे म्हणजे काय, हे खेड्यातल्या माणसाला सांगावयास नको.

याला पहिला निराळा दाखला पुणे जिल्ह्यातला. बारामती तालुक्यातील निंबूत गावी 1963 साली सगळीच्या सगळी पंचायत स्त्रियांची झाली. सरपंच होत्या कमलाबाई काकडे. त्या काळी हे नवलच होते, आणि नवल म्हणूनच ते राहिले. सर्वत्र तसा रिवाज काही पडला नाही. पुढे 1986 च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेने शेतकरी स्त्रियांचे मोठे अधिवेशन भरविले. बायकांनी एकेकटीने नव्हे तर सगळ्यांनी मिळून निवडणुकीस उभे राहावे, हा विचार तेथून गावोगाव गेला. जळगाव जिल्ह्यातील विटनेरला 1989 साली स्त्रियांचे पॅनेल निवडून आले. त्याच सुमारास संघटनेच्या 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेत त्या गावच्या अनेक पुरुषांनी आपली काही जमीन बायकोच्या नावे करून दिली. खुर्चीइतकीच ही सातबाऱ्यावरची नोंद मला महत्त्वाची वाटते. ती का, ते पुढे येईल.

त्यानंतर कायदा भरभर पुढे गेला. 24 एप्रिल 1993 रोजी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अंमलात आली आणि तिसरा हिस्सा जागा, सरपंचपदेसुद्धा, स्त्रियांना मिळाली. महाराष्ट्राने 2011 मध्ये हा हिस्सा निम्म्यावर नेला. राखीव जागेवरच्या स्त्री सरपंचावर अविश्वास आणायचा तर तीन-चतुर्थांश सभासदांची संमती लागते, अशीही तजवीज आहे. 'सरपंचपती' हा शब्द मात्र कोणत्याच कायद्याने दिलेला नाही. तो आपला आपण तयार केला!

आता एक गोष्ट पंचायतीबाहेरची. सातारा जिल्ह्यातील माण हा दुष्काळी तालुका. तेथे म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी स्त्रियांची सहकारी बँक काढायचे ठरविले. कारण साधेच होते. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला रोजचे थोडे पैसे साठवायचे होते. पावसाळ्याआधी घरावर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. पण तिचे खाते कोणी उघडीना. बँकेसाठी बायकांनी अर्ज केला. रिझर्व्ह बँकेने तो परत पाठविला, कारण अर्जावर अंगठे होते. निरक्षर स्त्रिया बँक कशी चालविणार? बायका शिकायला बसल्या आणि काही महिन्यांनी थेट रिझर्व्ह बँकेत अधिकाऱ्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. आम्हांला वाचता येत नाही म्हणून परवाना नाकारलात, पण हिशेब येतो. कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, यंत्राशिवाय सांगतो, आणि तुमच्या साहेबांनाही तसेच करू द्या, असे त्यांचे म्हणणे. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

या बायकांना बोलण्याचे धैर्य शिबिरात मिळाले नाही. बँक त्यांची होती, भाग त्यांचे होते, व्याजाचा हिशेब आयुष्यभर त्यांनीच सोसला होता. माझ्या आत्याच्या त्या वहीत तिचे स्वतःचे असे काहीच नव्हते.

आणि आता आपल्या गावच्या सोसायटीकडे या. सहकाराच्या कायद्यात संचालक मंडळावर स्त्रियांसाठी आजही दोनच जागा ठेवलेल्या आहेत; पंचायतीत 1958 साली होत्या तेवढ्याच. त्या दोन जागांसाठी उभे राहायचे तरी बाईने आधी सभासद असावे लागते. म्हशीचे शेण काढणे, वैरण घालणे, धार काढणे बाईकडे. दूध घालण्याचे पुस्तक बहुधा पुरुषाच्या नावाने. शेतकरी सोसायटीचे सभासदत्व सातबाऱ्यामागे जाते, आणि सातबारा कोणाच्या नावाचा ते आपण जाणताच. विटनेरची नोंद म्हणूनच सांगितली. मागच्या वर्षी आमच्या वर्गातल्या मुलामुलींना मी घरचे दुधाचे पुस्तक पाहून यायला सांगितले होते. चाळीस पुस्तकांपैकी आईचे नाव तिघांवर निघाले, आणि त्या तिघींपैकी दोघी विधवा होत्या.