मंमं, जोल आणि वॉटर

परवा रात्री जेवण झाल्यावर चिमीनं एक लाकडी ठोकळा कानाला लावला, घरात गोल गोल फिरायला लागली आणि म्हणाली, "हां आई, बोल!" आम्ही दोघं हसून हसून बेजार. पुण्याला फोन लावला की मी अगदी असाच फिरतो म्हणे. मला पत्ताच नव्हता. सव्वादोन वर्षांच्या माणसानं दाखवून दिलं!

आमच्या घरातली भाषांची भेळ आधी सांगतो. राहायला बंगळूर. मी पुण्याचा, बायको कोलकात्याची, दिवसभर चिमीला सांभाळणाऱ्या अक्कांची कन्नड. तहान लागली की चिमी आईला 'जोल' म्हणते, अक्कांना 'नीरु' म्हणते. आणि मला? मला 'वॉटर'.

हसू येतं खरं, पण त्या रात्री झोप लागेना. चिमीशी मराठीतच बोलायचं, असं ती जन्मली तेव्हा मी ठरवलं होतं. पण बायकोशी माझं बोलणं इंग्रजीत, त्यामुळे घाईगडबडीत चिमीशीही 'कम', 'वेट', 'वन मिनिट' सुरू झालं. आता तीही बोट वर करून, थेट माझ्या सुरात 'वन मिनिट' म्हणते. मराठी तिच्या कानावर पडते ती मी आईशी फोनवर बोलतो तेवढीच. त्यात एका प्लेग्रुपच्या बाईंनी सल्ला दिला, "इतक्या भाषांनी मूल गोंधळतं, घरी एक इंग्रजीच ठेवा." आईपण फोनवर विचारायला लागली, "बोलायला उशीर तर नाही ना व्हायचा रे?"

म्हणून मग थोडं वाचायला घेतलं. पोरांची बोली टिपून ठेवणारे बाप पूर्वीपासून आहेत. चार्ल्स डार्विननं आपल्या थोरल्या मुलाच्या नोंदी ठेवल्या होत्या आणि १८७७ साली त्या छापल्या. बरोबर एक वर्षाचा असताना त्या मुलानं खाण्यासाठी स्वतःच एक शब्द काढला, 'मम'. तो कुठून आला हे डार्विनला कळलं नाही. आपल्याकडच्या कुठल्याही आजीला यात काही नवल वाटणार नाही. आपली 'मंमं'च की ती!

दोन भाषांच्या घरातली पहिली नावाजलेली नोंद फ्रान्समधली. जूल रॉन्झा फ्रेंच, बायको जर्मन. भाषाशास्त्रज्ञ ग्रामाँ यांनी त्यांना सल्ला दिला की प्रत्येकानं मुलाशी आपलीच भाषा बोलावी. दोघांनी ते नेमानं पाळलं. मुलगा दोन्ही भाषा नीट शिकला आणि १९१३ साली रॉन्झांनी त्यावर पुस्तक लिहिलं. पुढे अमेरिकेत वेर्नर लेओपोल्ड यांनी आपल्या हिल्डेगार्ड या मुलीवर १९३९ ते १९४९ या काळात चार खंड लिहिले. बाप जर्मन बोलणारा, आई इंग्रजी. पोरगी सुरुवातीला दोन्हींची सरमिसळ करायची, नंतर तिला दोन्ही वेगळ्या करता यायला लागल्या.

मग हे 'गोंधळतं' प्रकरण आलं कुठून? १९२३ साली डी. जे. सेअर यांनी वेल्समधल्या मुलांच्या चाचण्या घेतल्या आणि खेड्यातली दोन भाषा बोलणारी मुलं मागे पडतात असं मांडलं. पण अशा चाचण्यांत घरची परिस्थिती नीट लक्षात घेतली जात नसे. १९६२ मध्ये माँट्रियलला पील आणि लँबर्ट यांनी सारख्या परिस्थितीतली दहा वर्षांची मुलं घेतली, तर फ्रेंच-इंग्रजी दोन्ही येणारी मुलं पुढे निघाली. (त्यांनी दोन्ही भाषा चांगल्या येणारीच मुलं निवडली होती, त्यामुळे 'जास्त भाषा म्हणजे जास्त हुशार' असाही अर्थ काढू नये.) गोंधळाची भीती मात्र खोटी होती. आईला फोन करून तसं सांगून टाकलं.

पण खरा हादरा पुढेच बसला. रॉबिन्स बर्लिंग हे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ १९५४ साली गारो टेकड्यांमध्ये (आताच्या मेघालयात) राहायला आले. मुलगा तेव्हा जेमतेम दीड वर्षाचा. मध्यंतरी त्याची आई बराच काळ आजारी होती, इंग्रजी कानावर कमी पडलं, आणि पोरगा आजूबाजूच्या माणसांची गारो फाडफाड बोलायला लागला. इंग्रजीपेक्षा बरी! १९५६ मध्ये ते परत निघाले. टेकड्या सोडल्यावर भेटेल त्या भारतीय माणसाशी तो गारोत बोलून बघायचा. कोणालाच कळायचं नाही. मुंबईहून विमान सुटलं तेव्हा शेजारच्या खुर्चीत एक मलायी तरुण होता, चेहऱ्यानं अगदी गारो माणसासारखा. पोराला वाटलं, सापडला आपला माणूस! इतक्या दिवसांची साचलेली गारो त्यानं त्याच्यापुढे धबाधबा ओतली.

त्यानंतर तो एकदोन वाक्यांच्या पुढे गारो कधी बोलला नाही. वडील स्वतः गारोत बोलून बघायचे, तरीही नाही. सहा महिन्यांच्या आत हातापायांची साधी नावंसुद्धा आठवेनाशी झाली. बर्लिंग यांनी १९५९ साली हे सगळं एका लेखात लिहिलं.

वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. त्या पोराला गारो कोणी शिकवली नव्हती, आणि ती विसर असंही कोणी सांगितलं नाही. आजूबाजूची माणसं गेली, भाषा गेली. चिमीपासून पुणं तर जन्मापासूनच लांब. तिच्यासाठी मराठीचं गाव म्हणजे मी एकटा. आणि मी काय करतोय, तर 'वन मिनिट'!

असो. आठवडा झाला, मी 'थांब हं' म्हणतो. जीभ अडखळते, सवय जात नाही. काल मी लॅपटॉपवरून मान वर न करता तिला "हं हं" म्हणालो. ती समोर येऊन उभी राहिली, बोट वर केलं आणि म्हणाली, "बाबा, थांब हं."

लॅपटॉप बंद केला. पाणी हवं होतं तिला. अजून 'वॉटर'च म्हणते.