इंद्रायणी नदी : मत्स्यसंशोधन

लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे उगम पावून तुळापूरला भीमेस मिळणारी नदी. पिंपरी-चिंचवड आणि चाकण या उद्योगपट्ट्यांच्या मधून वाहते. पुणे परिसरातील माशांचा शास्त्रीय अभ्यास डब्ल्यू. एच. साइक्स यांच्याइतका जुना आहे. मुळा-मुठेतील महसीराचे (टॉर खुद्री) वर्णन त्यांनी १८३९ मध्ये केले. इंद्रायणीची नीलेश डहाणूकर व सहकाऱ्यांनी केलेली मत्स्यसूची २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. उगमाकडचे खडकाळ पाणी आणि शहराखालचे सांडपाणी एकाच प्रवाहावर तपासता येत असल्याने पदव्युत्तर संशोधनास ही नदी सोयीची. दुर्दैवाने सोयीची, असेच म्हणावे लागेल. विरघळलेला प्राणवायू, जैवरासायनिक प्राणवायू मागणी आणि जाळ्यात येणाऱ्या जाती यांची तुलना हा त्या अभ्यासाचा गाभा. आळंदीच्या घाटावरचा फेस अपमार्जकांसारख्या पृष्ठक्रियाशील द्रव्यांमुळे येतो. बंधाऱ्यावरून पाणी कोसळताना त्यात हवा मिसळून तो फुगतो. वारीच्या सुमारास त्याची बातमी होते, एरवी विद्यार्थीच पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या भरत असतात. महसीर टिकवण्यासाठी लोणावळ्यात वळवण येथील टाटा पॉवरच्या केंद्रात त्याची अंडी हाताने काढून, फलित करून, वाहत्या पाण्यात उबवतात. असे मत्स्यबीज नदीत सोडणे त्यामानाने सोपे. वाळूउपसा आणि बंधारे यांनी विणीची खडी-गोट्यांची पात्रे हिरावली जातात, तो प्रश्न अवघड आहे.